एखादी देखणी बाई पाठवा

बाबिलोनच्या राजाला इजिप्तची राजकन्या हवी होती. राजाचं नाव कदश्मान-एन्लिल, काळ इसवी सनापूर्वी चौदावं शतक. इजिप्तच्या गादीवर तेव्हा तिसरा आमेनहोतेप होता. त्याने स्वतः परदेशी राजांच्या मुली करून आणल्या होत्या. आपली द्यायची वेळ आली तेव्हा मात्र त्याने कळवलं, की इजिप्तच्या राजाची मुलगी आजवर कोणालाही दिलेली नाही. त्यावर बाबिलोनहून आलेलं उत्तर मातीच्या पाटीवर लिहिलेलं आहे, आणि अमार्नाच्या पत्रांमध्ये ते आजही वाचता येतं. मुलगी देत नसाल तर एखादी देखणी बाई पाठवा, असं तो लिहितो. ती राजाची मुलगी नाही हे इथे कोण म्हणणार?

त्या राजाचा मला राग येतो. त्याहून जास्त राग येतो त्याचा सल्ला मानणाऱ्या कादंबरीकारांचा. गेली दीडशे वर्षं प्राचीन इजिप्तच्या राजस्त्रियांवर कादंबऱ्या लिहिल्या जात आहेत. मी वाचल्या त्यांतल्या बहुतेकींनी माझी अशीच बोळवण केली. मागितली राजकन्या, आली एक देखणी बाई. डोळ्यांत काजळ, गळ्यात रुंद हार, मागे नाईलवरचा सूर्यास्त. तिला प्रियकर असतो, सवत असते, विषाची कुपी असते. काम नसतं. सकाळी उठून ही बाई नेमकं करते काय, हे चारशे पानांत कळत नाही.

या बदलाबदलीची गोष्ट हेरोडोटसनेही सांगितली आहे. इराणच्या कॅम्बिसीसने इजिप्तच्या आमासिसकडे मुलगी मागितली. आमासिसने आपल्या आधीच्या राजाची मुलगी नितेतिस नटवून, आपलीच म्हणून धाडली. तिने तिकडे पोचल्यावर खरं काय ते सांगून टाकलं. गेऑर्ग एबर्स या जर्मन अभ्यासकाने १८६४मध्ये त्यावर एक कादंबरी लिहिली. नाव होतं 'एक इजिप्शियन राजकन्या'. एबर्स म्हणजे पुढे लाइपझिगला प्राध्यापक झालेला इजिप्ततज्ज्ञ. प्रसिद्ध वैद्यकीय पपायरसला त्याचंच नाव आहे. म्हणजे या वाटेवरच्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्यांपैकी एकीचा विषयच खोटी राजकन्या हा होता.

प्रेमकथा नको असं मी म्हणत नाही. इतिहासात प्रेमं झाली, मत्सर झाले, खून झाले. पण या बायकांच्या नावांमागे ज्या पदव्या कोरलेल्या आहेत त्या नुसत्या नात्याच्या नाहीत. 'थोरली राजपत्नी', 'राजमाता' यांच्या जोडीला 'आमुन देवाची पत्नी' अशी एक पदवी येते. ते पद होतं. त्याला जमीन होती, कोठारं होती, कारभारी होते. कादंबरीत त्या पदाची फक्त पांढरी वस्त्रं आणि धुपाचा वास उरतो.

एक जोडी शेजारी ठेवून बघा. हेरोडोटस सांगतो, नितोक्रिस नावाच्या राणीने भावाच्या मारेकऱ्यांना जमिनीखालच्या दालनात जेवायला बोलावलं, नदीचं पाणी आत सोडून त्यांना बुडवलं आणि मग राखेने भरलेल्या खोलीत उडी टाकून जीव दिला. ही गोष्ट अडीच हजार वर्षं चालली. टेनेसी विल्यम्ससारख्या नाटककाराची छापून आलेली पहिली कथा याच सूडावर होती. १९२८ साली ती 'वीअर्ड टेल्स' या मासिकात आली; तो तेव्हा शाळकरी वयाचा होता. आणि २००० साली किम रायहोल्ट यांनी तुरीनच्या राजयादीचे फाटके तुकडे नीट जुळवून दाखवलं, की ज्या नावावर ही राणी उभी होती ते एका पुरुष राजाचं नाव आहे. राणी नव्हतीच.

आता दुसरी. अबायडोसला फ्लिंडर्स पेट्री यांना १९०० साली पहिल्या राजवंशाच्या राजांच्या दफनभूमीत एक मोठं थडगं सापडलं. राजांच्या थडग्यांसारखंच, भोवती सेवकांच्या कबरी. नाव होतं मेरनेथ. पेट्रींनी धरून चाललं की हा राजा असणार. पुढे कळलं की ती बाई होती. आणि १९८५मध्ये सापडलेल्या देन राजाच्या मुद्रेच्या ठशावर राजांच्या नावांच्या रांगेत तिचं नाव 'राजमाता' म्हणून आलं. मुलगा लहान असताना राज्य चालवणारी, पाच हजार वर्षांपूर्वीची बाई. जी नव्हती तिला सूड, पूर आणि आत्महत्या मिळाली. जी होती तिच्यावरची कादंबरी मला अजून वाचायला मिळालेली नाही.

हात्शेपसुतवर मात्र पुष्कळ लिहिलं गेलं, आणि सगळ्यांत जास्त अन्याय तिच्यावरच झाला. पहिल्या थुतमोसची मुलगी, दुसऱ्याची बायको. नवरा वारला तेव्हा गादीचा वारस, तिसरा थुतमोस, लहान होता. तो दुसऱ्या बायकोचा मुलगा, म्हणून ही त्याची सावत्र आई. आणि त्याच्या बापाची बहीण, म्हणून आत्याही. आपल्या गोष्टींत सावत्र आई कशी असते ते सांगायला नको. बाळाचं नाव ठेवायला पुढे येते ती आत्या. या एका बाईत दोघी होत्या, आणि लिहिणाऱ्यांनी एकीलाच उचललं.

एलॉइज जार्विस मॅग्रॉ यांची १९५३ची 'मारा, डॉटर ऑफ द नाइल' ही मुलांसाठीची कादंबरी घ्या. तिच्यात हात्शेपसुत म्हणजे गादी बळकावून बसलेली बाई आणि थुतमोस म्हणजे हक्क डावललेला तरुण. मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या ती आवडीने वाचली. दोष एकट्या मॅग्रॉंचा नाही. हर्बर्ट विनलॉक यांनी १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयासाठी देर अल-बाहरीला खोदकाम केलं तेव्हा खड्ड्यांतून तिच्या फोडलेल्या मूर्तींचे ढीग निघाले. फोडलेली मूर्ती दिसली की फोडणाऱ्याचा संताप डोळ्यांपुढे उभा राहतो. भाच्याने वर्षानुवर्षं दात-ओठ खाल्ले आणि ती मरताच हातोडे चालवले, ही कथा तिथून पक्की झाली. आनंदीबाईंच्या माथी 'ध'चा 'मा' जसा कायमचा चिकटला, तशीच.

१९६६मध्ये चार्ल्स निम्स यांनी दाखवलं की तिचं नाव खोडण्याचं काम ती गेल्यावर लगेच झालेलं नाही, बऱ्याच उशिरा झालं. किमान वीस वर्षांनी. वीस वर्षं थांबणारा संताप कसला? गादीचा पुढचा वारसा साफ करायचा असेल, दुसरं काही राजकारण असेल. रागाने पेटलेला तरुण मात्र त्या चित्रातून गेला. २०२५मध्ये 'अँटिक्विटी' या नियतकालिकात जुन यी वाँग यांनी तिच्या मूर्तींचे तुकडे नव्याने तपासले. बऱ्याच मूर्ती मान, कंबर आणि गुडघा अशा ठरावीक जागी मोडलेल्या आहेत. इतर राजांच्या मूर्तीही जुन्या झाल्यावर अशाच मोडत, त्यांतलं सामर्थ्य काढून घेण्यासाठी. शिवाय पुष्कळशी मोडतोड पुढच्या काळात दगड म्हणून वापरताना झाली. नाव खोडलं गेलं हे खरंच आहे. पण चेहऱ्यावर घाव घालणारा भाचा आपण आपल्या मनातून आणून तिथे उभा केला होता.

पॉलीन गेज यांनी १९७७मध्ये 'चाइल्ड ऑफ द मॉर्निंग' लिहून हात्शेपसुतची बाजू घेतली, याचं मला मोल आहे. खलनायिकेची नायिका झाली. पण तिथेही सेनेनमुत आलाच, आणि प्रियकर म्हणूनच आला. सेनेनमुत खरा होता. मोठा कारभारी होता. त्याच्या वीसहून अधिक मूर्ती सापडल्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांत राणीची मुलगी नेफेरुरे त्याच्या मांडीवर किंवा अंगरख्यात लपेटलेली आहे, कारण तो तिचा शिक्षक होता. दोघांच्या प्रेमाचा पुरावा म्हणून देर अल-बाहरीच्या वरच्या गुहेतलं एक अश्लील रेखाटन पुढे केलं जातं. त्यातल्या जोडप्यावर कोणाचंही नाव लिहिलेलं नाही. भिंतीवर कोण्या मजुराने काढलेल्या चित्रावर तिची अख्खी कारकीर्द टांगायची, आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी तिने बांधलेलं मंदिर वर्णनापुरतं ठेवायचं, हे मला पटत नाही.

त्या मंदिराच्या भिंतीवर कादंबरी आयती कोरलेली आहे. पुंत देशाला गेलेली पाच जहाजं. मुळांसकट उपटून टोपल्यांत ठेवलेली बोळाची झाडं, ती वाहून नेणारी माणसं. पुंतच्या सरदाराची बायको अती तिथे आहे, तिच्या जाडजूड देहाच्या वळ्या-वळ्यांसह. त्या कारागिराने तिला देखणी केलं नाही. पाहिली तशी कोरली. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या छिन्नीवाल्याचा हा प्रामाणिकपणा आपल्याला झेपू नये?

आणि कार्नाकचा स्तंभ. जवळजवळ ३० मीटर उंच, अस्वानच्या ग्रॅनाइटचा, एकसंध, आजही उभा. त्याच्या पायथ्याला तिने लिहून ठेवलंय की खाणीतलं काम तिच्या पंधराव्या राज्यवर्षात सुरू झालं आणि सोळाव्यात, सात महिन्यांत, पुरं झालं. सात महिने! नुसता दगड कापायला. मग तो नदीपर्यंत ओढायचा, पुराचं पाणी गाठायचं, तराफ्यावर चढवायचा, वल्ह्यांच्या नावांच्या रांगा लावून तो तराफा उत्तरेकडे ओढायचा. दगडाला तडा गेला तर? पूर कमी आला तर? कोणाला कळवायचं, कोण जबाबदार? याच लेखात ती म्हणते, की पुढच्या काळात हा दगड पाहून लोक काय बोलतील या विचाराने तिचं मन इकडेतिकडे होतं. राणीच्या मनात शिरायला कादंबरीकाराला दार हवं असतं ना? तिने स्वतः उघडून ठेवलंय. ते शयनगृहाचं नाही म्हणून कोणी आत जात नाही.

मराठीत लिहिणाऱ्यासाठी इथे एक गोष्ट आहे जी इंग्रजी कादंबरीकाराला मिळूच शकत नाही. हात्शेपसुतची चित्रं राजाची आहेत: खोटी दाढी, राजाचा कमरपट्टा, पुरुषाची छाती. पण त्या चित्रांशेजारच्या मजकुरात तिच्या लेखनिकांनी कित्येक ठिकाणी स्त्रीलिंगी प्रत्यय तसेच ठेवले. इंग्रजीतल्या 'मी'ला लिंग नसतं. मराठीत 'मी निघालो' की 'मी निघाले', हे प्रत्येक वाक्यात ठरवावं लागतं. मराठी हात्शेपसुत दरबारात कसं बोलेल? खाणीवरच्या मुकादमाशी? नेफेरुरेशी? एकाच परिच्छेदात क्रियापद बदलेल का, आणि ते कोणाच्या कानाला खटकेल? तिच्या लेखनिकांपुढे होता तोच पेच मराठी लेखकापुढे रोज असतो. ही कादंबरी आपल्या भाषेत लिहिली गेली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

नेफरतीतीकडे वळू. तिचा चेहरा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तीच तिची अडचण. ६ डिसेंबर १९१२ रोजी लुडविग बोरशार्टच्या चमूला अमार्नात थुतमोस नावाच्या शिल्पकाराच्या कार्यशाळेत तो रंगीत अर्धपुतळा सापडला. आज तो बर्लिनला आहे. तो बहुधा कारागिरांना समोर ठेवायचा नमुना होता, म्हणजे कामाची वस्तू. आपण त्याच्याकडे पाहून जगातली एक सुंदर स्त्री तयार केली आणि तिच्यासाठी कथानकं शोधत बसलो. मिशेल मोरन यांच्या २००७च्या 'नेफरतीती'त गोष्ट सांगते तिची बहीण. एकीला सत्ता हवी, दुसरीला साधं घर. वाचायला गोड आहे. पण महत्त्वाकांक्षा म्हणजे मुकुटाची हाव, एवढाच अर्थ तिथे उरतो.

कार्नाकला तिच्या नवऱ्याने, राजा अखेनातेनने, बांधलेल्या एका देवळाच्या खांबांवर आतेन देवाला नैवेद्य दाखवते ती नेफरतीती, सोबत थोरली मुलगी मेरितातेन. राजा त्या खांबांवर नाही. बोस्टनच्या संग्रहालयात एक दगड आहे. त्यावर नावेच्या कक्षात उंच मुकुट घातलेली नेफरतीती शत्रूवर शस्त्र उगारून उभी आहे, फक्त राजेच ज्या पवित्र्यात दिसतात त्या पवित्र्यात. आता कथानकांकडे पाहा. अखेनातेनच्या बाराव्या वर्षानंतर ती दिसेनाशी होते, असं बराच काळ मानलं जाई. मग कोणी तिला नवऱ्याच्या मर्जीतून उतरवलं, कोणी हद्दपार केलं, कोणी मारलं. निक ड्रेक यांची २००६ची रहस्यकादंबरी तर तिच्या बेपत्ता होण्यावरच रचलेली आहे. २०१२मध्ये बेल्जियमच्या अभ्यासकांनी दैर अबू हिन्निसच्या चुनखडीच्या खाणीतली एक नोंद प्रसिद्ध केली. सोळावं राज्यवर्ष, आणि नेफरतीती तेव्हाही थोरली राजपत्नी. खाणीतल्या कारकुनाने कामाची तारीख टाकली, त्यात राणीचं नाव लिहिलं, आणि सवतीमत्सराची सगळी नाटकं त्या चार-पाच ओळींपुढे कोसळली.

क्लिओपात्राबद्दल थोडक्यात. प्लुटार्क सांगतो की टॉलेमींच्या घराण्यात इजिप्तची भाषा शिकलेली ती पहिली. जवळजवळ तीनशे वर्षं राज्य करून घराण्यातल्या कोणालाही प्रजेची भाषा शिकावीशी वाटली नव्हती. इसवी सनापूर्वी ३३ सालचा एक पपायरस बर्लिनला आहे. एका बड्या रोमन माणसाला करमाफी देणारा हुकूम, खाली 'तसं व्हावं' असा एका शब्दाचा शेरा. तो शेरा तिच्याच हातचा असावा, असं काही अभ्यासक मानतात. गालिचात गुंडाळलेली क्लिओपात्रा पुष्कळ झाली. कोणीतरी आता हा शेरा लिहिणारी लिहा. करमाफी कोणाला, किती, कशाच्या बदल्यात? राज्य वाचवायला तिने काय काय गहाण टाकलं, हे त्या एका कागदातून बाहेर येतं.

मग हरम. हा शब्दच आपल्याला फसवतो. तो ऐकला की उस्मानी सुलतानांचे हमाम, रेशमी उशा आणि आळसावलेल्या बायका दिसू लागतात. फायूमजवळ गुरोब इथे, जुन्या मेर-वेरला, राजस्त्रियांचा असा वाडा होता. पेट्रींनीच १८८९च्या सुमारास तो खणला. तिथल्या पपायरसांत काय आहे? सूत, कापड, मोजमापं. हा वाडा म्हणजे तागाच्या कापडाचा मोठा कारखाना होता, आणि त्याची माणसं, जमीन, आवक-जावक या बायकांच्या संस्थेच्या नावावर होती. दुसऱ्या सेतीच्या काळातल्या एका पत्रात एक बाई राजाला तिच्या हाताखाली काम शिकणाऱ्या परक्या लोकांबद्दल कळवते. मागावर बसलेल्या शिकाऊ हातांची काळजी करणारी राजवाड्यातली बाई. हे पात्र मी एकाही कादंबरीत पाहिलेलं नाही.

त्याच गुरोबच्या एका चिटोऱ्यावर हित्ती राजकन्येचं नाव येतं. दुसऱ्या रामेसेसशी तिचं लग्न झालं त्याच्या ३४व्या राज्यवर्षात. इजिप्तला आल्यावर तिचं नाव माअतहोरनेफेरुरे झालं. रामेसेसने त्या लग्नाचे शिलालेख देवळादेवळांत कोरले. मुलीची आई, हित्ती राणी पुदुखेपा, हुंड्यावरून रामेसेसशी थेट पत्रांतून भांडली होती, आणि तेही नरमाईने नाही. त्याआधी, दोन राज्यांचा तह झाल्यावर, रामेसेसची राणी नेफरतारीने पुदुखेपाला बहीण म्हणून पत्र लिहिलं, सोबत बारा पदरी सोन्याचा हार पाठवला, ८८ शेकेल वजनाचा, आणि रंगीत कापडं. वजन पत्रात नोंदवलंय. दोन राण्या तह सांभाळतायत, तोलून-मापून.

आणि ज्यांना कट-कारस्थानच हवं त्यांनी तेही नीट वाचावं. तिसऱ्या रामेसेसविरुद्धचा कट खरा होता. तिये नावाची एक राणी, तिचा मुलगा पेंतावेरे. तुरीनच्या न्यायपपायरसात खटला आहे. २०१२मध्ये सीटी स्कॅनची तपासणी प्रसिद्ध झाली आणि राजाचा गळा खोलवर चिरला गेला होता हे समजलं. लेखकांचं लक्ष अर्थातच त्या गळ्यावर. माझं लक्ष सहा बायकांवर आहे. हरमच्या दरवाज्यावर असलेल्या माणसांच्या या सहा बायका. त्यांचं नावही पपायरसाने दिलेलं नाही. निरोप कोणी नेले? दार कोणी उघडं ठेवलं? शिवाय खटला चालू असताना खुद्द काही न्यायाधीशच आरोपी बायकांबरोबर मेजवानीत सापडले आणि त्यांचे नाक-कान कापले गेले. एवढा जिवंत ऐवज समोर असताना मला पुन्हा कुपी आणि विष नको.

सगळ्यांत वाईट वाटतं ते दुसऱ्या तियेबद्दल. तिसऱ्या आमेनहोतेपची थोरली राणी. तिचे आईवडील युया आणि थुया राजघराण्यातले नव्हते. त्यांची नावं नवऱ्याने मोठ्या अभिमानाने कोरून देशभर पाठवली. आमेनहोतेप वारल्यावर मितान्नीचा राजा तुश्रत्त याने तिलाच पत्र लिहिलं. तुमचे यजमान आणि मी काय बोलत होतो ते तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही, असा त्याचा भाव. आमेनहोतेपने ओतीव सोन्याच्या मूर्ती कबूल केल्या होत्या, आणि मुलाने, म्हणजे अखेनातेनने, सोन्याचा पत्रा चढवलेल्या लाकडी मूर्ती धाडल्या. मुलाला लिहिलेल्या पत्रांतही तुश्रत्त पुन:पुन्हा सांगतो: आईला विचार. एका राज्याचा परराष्ट्र व्यवहार एका विधवेच्या स्मरणात साठवलेला. कादंबऱ्यांत मात्र ही तिये बहुतेक वेळा सासू म्हणून येते. कडक, डोळे वटारणारी.

तिच्या नातीची म्हणून सांगितली जाणारी गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. हित्तींची राजधानी हत्तुशाच्या दफ्तरातून ती निघाली. नवरा वारला, मुलगा नाही, नोकराशी लग्न करणार नाही, तुमचा एक मुलगा पाठवा, असं इजिप्तच्या विधवा राणीने हित्ती राजा सुप्पिलुलिउमाला कळवलं. ती तूतनखामूनची राणी अंखेसेनामून असं बहुतेक कादंबरीकार धरून चालतात. काही अभ्यासक नेफरतीती म्हणतात, काही मेरितातेन. तिला रडवायला सगळ्यांना आवडतं. मूळ मजकुरात ती चिडलेली आहे. हित्ती राजाने खात्री करायला माणूस पाठवला म्हणून तिने हानी नावाच्या वकिलाहाती खडसावून विचारलं: मुलगा असता तर माझ्या देशाची ही नामुष्की मी परक्या राज्याला कळवली असती का? राजपुत्र झन्नान्झा निघाला आणि तिथवर जिवंत पोचला नाही. शोकांतिका आहेच. पण राज्याचा पेच कळलेली, वाटाघाट करणारी आणि त्यात हरलेली बाई त्या शोकांतिकेच्या मध्यभागी आहे. तिला हुंदके देणारी पोर करून टाकलं की शोकांतिकाच लहान होते.

इजिप्तचा स्वतःचा कादंबरीकार काय करतो? नगीब महफूज, १९८८चे नोबेलचे मानकरी. १९४४च्या 'थीब्जच्या लढ्या'त त्यांनी परक्या हिक्सोसांविरुद्धच्या युद्धाची गोष्ट सांगितली आणि आजी तेतीशेरीला घराण्याचा कणा केलं. पण घराण्याच्या वारसाला, अहमोसला, शत्रूच्या राजकन्येच्या प्रेमात पाडल्याशिवाय त्यांनाही राहवलं नाही. अहमोसची आई अहहोतेप हिच्याबद्दल कार्नाकचा शिलालेख काय सांगतो? तिने सैनिक सांभाळले, पळालेल्यांना परत आणलं, बंडखोरांना हुसकावलं. १८५९ साली अहहोतेप नावाच्या राणीच्या शवपेटीतून कट्यार, कुऱ्हाड आणि सोन्याच्या तीन मोठ्या माश्यांचा हार निघाला. सोन्याची माशी हे शौर्याचं पदक मानतात. १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात फ्रान्सच्या सम्राज्ञीला, युजेनीला, ते दागिने हवेसे वाटले; इजिप्तच्या पुरातन वस्तू सांभाळणाऱ्या मारिएत यांनी द्यायला नकार दिला. महफूज यांच्या १९८५च्या 'अखेनातेन'मध्ये एक तरुण एकेका साक्षीदाराला भेटतो, प्रत्येकजण वेगळं बोलतो, आणि शेवटी नेफरतीती. रचना अप्रतिम आहे. पण शेवटचा शब्द मिळूनही ती बोलते ते नवऱ्याबद्दलच.

मला जी कादंबरी हवी आहे ती इसवी सनापूर्वी ६५६ सालात सुरू होते. राजा पहिला सामेतिक आपली मुलगी नितोक्रिस हिला उत्तरेतून थीब्जला पाठवतो. होय, नितोक्रिसच, ही खरी होती. लग्नासाठी नव्हे, 'आमुनची पत्नी' या पदासाठी. त्या काळात हे पद आईकडून पोटच्या मुलीकडे जात नसे, दत्तकविधानाने एका बाईकडून दुसरीकडे जाई. त्या वेळी पदावर होती शेपेनवेपेत, आधीच्या नुबियन राजघराण्यातली. तिने शत्रुपक्षाची मुलगी दत्तक घ्यायची होती. रक्त न सांडता दक्षिण इजिप्त हातात यायचा होता, आणि तो येण्याची जागा होती दोन बायकांमधलं नातं. सोळा दिवसांचा नावेचा प्रवास. मुलगी लहान असणार, कारण पुढे सुमारे सत्तर वर्षं ती त्या पदावर होती. धक्क्यावर माणसं उभी. शेपेनवेपेत तिला पाहते. काय बोलली असेल?

कार्नाकला सापडलेल्या शिळेवर यापुढे यादी आहे. नव्या मुलीच्या घरखर्चाला कोण काय देणार. प्रांताप्रांतांतली शेतं. देवळांतली धान्याची मापं. थीब्जचा बलाढ्य अधिकारी मोन्तुएमहात रोज २०० देबेन पाव देईल, ५ हिन दारू, पोळी, भाजीची जुडी. त्याच्या मुलाचा वाटा वेगळा. आणि त्याची बायको वेजारेनेस, तिच्या नावापुढेही वेगळी नोंद: रोज १०० देबेन पाव. म्हणजे साधारण नऊ किलो. नवऱ्याच्या पावात मिळवून टाकलेला नाही. तिच्या भट्टीतला, तिच्या नावाचा, रोज सकाळी त्या परक्या मुलीच्या दाराशी पोचता करायचा, आणि दारात उभं राहून कोणीतरी तोलून घ्यायचा.